सोपारे-वसई परिसरातील नवागत धर्मोपदेशक आणि त्यांचे यजमान

धर्मप्रसाराचा इतिहास बहुधा प्रवाशाच्या बाजूने लिहिला जातो. धर्मोपदेशक कोठून निघाला, कोणत्या बंदरात उतरला, त्याने किती जणांस दीक्षा दिली आणि अखेर त्याचे काय झाले, एवढा तपशील साधनग्रंथांत मिळतो व तेवढाच पुढील ग्रंथांत उतरतो. परंतु परक्या किनाऱ्यावर उतरलेल्या मनुष्यास पहिल्या रात्री कोणाच्या तरी घरी आसरा घ्यावा लागतो. त्यास अन्न, दुभाषी व वाटाड्या ह्यांची गरज असते. आणि त्याच्या वर्तनाची जबाबदारी, इच्छा असो वा नसो, आसरा देणाऱ्यावर येऊन पडते. हा आसरा देणारा मनुष्य इतिहासात क्वचितच दिसतो. प्रस्तुत लेखात त्याचा शोध घ्यावयाचा आहे. त्यासाठी आजच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार हा टापू निवडण्याचे कारण असे की, अपरान्ताचे प्राचीन बंदर सोपारे आणि पोर्तुगीजांचे उत्तरेकडील प्रमुख ठाणे वसई ही दोन्ही स्थळे येथे काही मैलांच्या अंतरात आहेत. बौद्ध भिक्षू, फ्रान्सिस्कन व डोमिनिकन साधू, जेझुइट पाद्री अशा अनेक परंपरांचे उपदेशक निरनिराळ्या शतकांत येथे आले. स्थळ तेच राहून काळ, धर्म आणि राजसत्ता बदलल्यामुळे तुलनेस येथे चांगला आधार मिळतो.

१

प्रारंभ अशोकाच्या लेखांपासून करणे युक्त होईल. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस १८८२ मध्ये सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या गिरिलेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ ह्या नावाने लोकांस परिचित असलेल्या टेकाडाचे उत्खनन करून तेथील स्तूप उजेडात आणला. पुढे १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या गिरिलेखाचा तुकडा सापडला. हे दोन तुकडे इतर लेखांचे नसून नेमके ह्याच दोन लेखांचे असावेत, हा केवळ योगायोग होय. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अर्थपूर्ण आहे. आठव्या लेखात राजाने मृगयेच्या यात्रा सोडून धर्मयात्रा स्वीकारल्याचे सांगितले असून, श्रमण व ब्राह्मण ह्यांचे दर्शन घेणे, त्यांस दान देणे आणि जनपदातील लोकांस भेटणे ही त्या यात्रेची अंगे म्हणून दिली आहेत. नवव्या लेखात निरर्थक मंगलकार्यांच्या तुलनेत खऱ्या धर्ममंगलाचे स्वरूप सांगताना दास व सेवक ह्यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर आणि श्रमण-ब्राह्मणांस दान ह्यांचा निर्देश येतो. म्हणजे फिरत्या धर्मपुरुषाचा सत्कार ही गोष्ट ह्या किनाऱ्यावर इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात राजाज्ञेच्या रूपाने दगडावर कोरलेली होती. विशेष हे की, तो सत्कार कोणा एकाच पंथाच्या उपदेशकापुरता राखून ठेवलेला नव्हता.

सिंहली परंपरेनुसार ह्याच काळात योन धम्मरक्खित नावाचा थेर अपरान्तास धर्मोपदेशासाठी पाठविण्यात आला. ‘योन’ हे विशेषण त्याचे परकेपण दाखविते. ‘महावंस’ हा ग्रंथ शतकानुशतके नंतरचा असल्याने त्यातील श्रोत्यांच्या संख्या शब्दशः घेता येणार नाहीत. तथापि परदेशी वंशाचा उपदेशक पश्चिम किनाऱ्यावर आला, ही स्मृती बौद्ध परंपरेने जतन केली, एवढे म्हणावयास हरकत नाही.

‘दिव्यावदाना’तील पूर्णाची कथा ह्याहून अधिक बोलकी आहे. शूर्पारकाच्या व्यापारी कुटुंबातील पूर्ण भिक्षू होतो आणि श्रोणापरान्तक देशी जाण्याची अनुज्ञा मागतो. तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी अपशब्द वापरले, मारहाण केली किंवा ठार केले तर तू काय करशील, असे बुद्ध त्यास पायरीपायरीने विचारतात. प्रत्येक वेळी पूर्ण, त्यांनी ह्याहून अधिक वाईट केले नाही म्हणून मी त्यांस सज्जनच समजेन, असे उत्तर देतो. कथेच्या उत्तरार्धात पूर्णाचे नातलग सागरावरून आणलेल्या मूल्यवान चंदनाचा प्रासाद शूर्पारकात उभारून बुद्धांस आमंत्रण देतात. ही कथा ऐतिहासिक घटनेचा पुरावा नव्हे. परंतु ती रचणाऱ्या व ऐकणाऱ्या समाजास दोन गोष्टी ठाऊक होत्या, हे तिच्यावरून दिसते. उपदेशकाने यजमानाकडून काहीही अपेक्षा न ठेवता जावे, ही पहिली. आणि बंदरातील व्यापारी घराने आपले सर्वोत्तम द्रव्य अतिथीसाठी खर्च करावे, ही दुसरी. आदर्श आतिथ्याचे हे चित्र पुढील विवेचनात मोजमाप म्हणून उपयोगी पडेल.

२

पहिला तपशीलवार ऐतिहासिक प्रसंग १३२१ चा आहे. त्या वर्षी तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन व त्यांच्यासमवेत जॉर्डनस हा डोमिनिकन साधू इराणी आखातातून निघून ठाण्यास पोहोचले. त्यांस जावयाचे होते कोल्लमला. पण जहाज ठाण्याच्या खाडीकडे आले. तेव्हा ह्या बंदरावर दिल्लीच्या सुलतानाचा अधिकारी होता. ह्या प्रसंगाची मुख्य साधने दोन: जॉर्डनसने स्वतः पाठविलेली पत्रे, आणि पोर्देनोनेच्या ओदोरिकने स्वदेशी परतल्यावर १३३० मध्ये सांगितलेला वृत्तान्त. जॉर्डनस हा समकालीन व सहप्रवासी होता, पण हत्येच्या वेळी तो ठाण्यात नव्हता. ओदोरिक काही काळानंतर तेथे आला आणि त्याने ऐकीव माहिती नोंदविली. साधूंच्या अग्निदिव्यासारखे चमत्कारवर्णन ओदोरिकच्या वृत्तान्तात भरपूर आहे. ते बाजूस ठेवले तरी घरगुती तपशील मात्र सहज बाजूस सारता येत नाही. कारण हुतात्म्यांचे माहात्म्य वाढविण्यासाठी असा तपशील कोणी मुद्दाम रचील, हे संभवत नाही.

ओदोरिक सांगतो की, ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती व त्यांपैकी एका घरी हे साधू उतरले होते. ओदोरिकच्या दृष्टीने हे नेस्तोरियन पाखंडी होत. तरीही परक्या नगरात लॅटिन साधूंस दार उघडले ते ह्याच लोकांनी. एके दिवशी त्या घरातील नवरा-बायकोचे भांडण झाले व नवऱ्याने बायकोस मारले. ती काझीकडे दाद मागण्यास गेली. पुरावा काय, असे विचारल्यावर तिने घरी उतरलेल्या फिरंगी धर्मपुरुषांनी हे पाहिले आहे, असे सांगितले. तेथे हजर असलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका मनुष्याने, हे लोक शास्त्रज्ञ आहेत, त्यांस बोलावून वाद करावा, असे सुचविले. अशा रीतीने मारहाणीच्या फिर्यादीतील साक्षीदार धर्मवादातील प्रतिवादी बनले. वादात पैगंबराविषयी मत विचारले गेले, दिलेले उत्तर असह्य वाटले आणि प्रकरण प्राणावर बेतले.

ह्या प्रसंगातील यजमानांची परंपरा लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. पहिले यजमान नेस्तोरियन कुटुंब. त्यानंतर, ओदोरिकच्या सांगण्याप्रमाणे, नगराच्या मलिकाने साधूंस सोडून दिले व निघून जाण्यास सांगितले. तेव्हा ते खाडी ओलांडून पलीकडील वस्तीत गेले आणि तेथे एका मूर्तिपूजकाच्या घरी उतरले. रात्री मारेकरी पाठविले गेले व तिघांचा अंत झाला. सामान राखण्यासाठी मागे राहिलेला पीटर नंतर सापडला आणि त्यासही ठार करण्यात आले. येथे ख्रिस्ती, हिंदू व मुसलमान अशी सरळ विभागणी करून चालत नाही. एका मुसलमान अधिकाऱ्याने सोडून दिले, दुसऱ्याने मृत्यूचा आग्रह धरला. एका अनाम हिंदूने धोका पत्करून छप्पर दिले. त्या गृहस्थाचे पुढे काय झाले, त्या फिर्यादी स्त्रीस न्याय मिळाला की नाही, हे सांगण्याची आवश्यकता वृत्तान्तकारास वाटली नाही. साधूंची नावे चर्चच्या स्मरणात राहिली. ज्यांच्या घरांवर हा प्रसंग ओढवला, त्यांची नावे राहिली नाहीत.

जॉर्डनस वाचला, त्याचे कारणही स्थानिक समाजाच्या गरजेत आहे. त्यास फारसी येत होती व बंदरांतून ती व्यवहाराची भाषा होती. म्हणून येथील ख्रिस्त्यांच्या सूचनेवरून तो सोपारे व भडोच ह्या दिशेने गेला होता. वार्ता कळल्यावर तो परतला आणि एका जिनोव्ही तरुणाच्या साह्याने त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. पुढे ओदोरिकने त्या अस्थी तेथून उचलून चीनमधील झैतून बंदरास नेल्या. अंत्यविधीसाठी सोपारे निवडले जावे, ह्यावरून ठाण्याच्या मानाने तेथे ह्या परक्या साधूला अधिक निर्धास्तपणे वावरता येत होते, असे अनुमान करता येते. जॉर्डनसच्या पत्रातील एक मजकूर ह्या अनुमानास पुष्टी देतो. स्वदेशीच्या बांधवांस तो कळवितो की, नवीन साधूंनी येण्याजोगी स्थळे तीन आहेत: सोपारे, भडोच आणि कोल्लम, सोपाऱ्यास दोघे पुरे होतील. ही यादी एका अर्थाने यजमान-स्थळांची पाहणीच होय. ठाण्यातील अनुभवानंतर हा व्यवहारी मनुष्य कोठे श्रोते मिळतील ह्याबरोबरच कोठे राहता येईल, हेही पाहू लागला असावा. पुढे १३२९ मध्ये त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली.

३

दोन शतकांनी चित्र पालटले. गुजरातचा सुलतान बहादूरशाह ह्याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांस दिला. अंतोनियु दु पोर्तु ह्या फ्रान्सिस्कनाने ह्या प्रदेशात कार्य आरंभिले. पुढे जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन ह्यांचे मठ कोटाच्या आत उभे राहिले. त्यांच्या पडक्या भिंती आज वसईच्या किल्ल्यात दिसतात.

आता नवागत पाद्र्यास पंधरा घरांपैकी एखादे दार ठोठावण्याचे कारण उरले नाही. त्याचा यजमान राज्य होते. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची वसईभेट ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १५४८ च्या आरंभी ते वसईस आले ते गव्हर्नर दों जुआंव दि कास्त्रु ह्यांस भेटण्यासाठी. त्याच सुमारास मेल्कियोर गोन्साल्व्हिश ह्या जेझुइटाची वसईस योजना होऊन तेथे त्या संघाचे ठाणे बसले. गव्हर्नराची भेट, राजाची आज्ञा आणि खजिन्यातून नेमणूक, असा हा क्रम होता. नेमणुकीचा पैसा कोठून येत होता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पूर्वी वसईतील मशिदींकडे असलेले उत्पन्न ख्रिस्ती कार्याकडे वळवावे, अशी आज्ञा राजा तिसरा जुआंव ह्याने १५४६ मध्ये दिली. साष्टी बेटातील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे चर्च होऊन त्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांची वास्तू उभी राहिली. म्हणजे अतिथीचा खर्च स्थानिक समाजच सोसत होता. परंतु तो सोसावयाचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला नव्हता.

आतिथ्य ह्या शब्दाचा काटेकोर अर्थ येथे लावला पाहिजे. यजमानास नकार देण्याची मोकळीक असते, तेव्हाच त्याने दार उघडण्यास मोल येते. ठाण्याच्या नेस्तोरियन गृहस्थास ती मोकळीक होती. खाडीपलीकडील त्या अनाम हिंदूस तर दार बंद ठेवण्याची सबळ कारणेही होती. सोळाव्या शतकातील वसईच्या रयतेस ती नव्हती. म्हणून ह्या काळातील बंदरावरच्या समारंभांस स्वागत म्हणावयाचे झाल्यास ते राज्याने आपल्याच माणसांचे केलेले स्वागत होय, असे म्हणावे लागते. ह्याचा अर्थ गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांची श्रद्धा खोटी होती, असा मुळीच नव्हे. ती पुढे पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही टिकली, हेच तिच्या खरेपणाचे प्रमाण आहे. परंतु श्रद्धेचा इतिहास आणि राजाश्रयाचा इतिहास ह्यांची सरमिसळ करू नये.

राजाश्रयाने सुस्थित झालेल्या ह्या नगराचे पाहुणचाराचे वर्णन परदेशी प्रवाशांनी केले आहे. १६९५ मध्ये आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी हा धर्मोपदेशक नव्हता, कायदेपंडित होता. वसईत त्यास येथेच वकिली करून राहण्याचा व विवाह करण्याचा आग्रह झाला, असे तो लिहितो. कोटाबाहेरील कसब्याच्या बागायतीचे व तेथील पोर्तुगीज घराण्यांच्या वाड्यांचे त्याने कौतुक केले. मात्र ह्या बागा शिंपणाऱ्या माणसांशी त्याचा संबंध आलेला दिसत नाही.

४

सत्तेच्या आश्रयाखालीही एक गोष्ट राज्यास पुरविता आली नाही. ती म्हणजे भाषा. जॉर्डनसला फारसीने तारले, पण फारसी ही बंदराची भाषा होती, गावाची नव्हती. पोर्तुगालहून आलेल्या पाद्र्यास कोळी, भंडारी, वाडवळ व सामवेदी वस्त्यांत शिरावयाचे तर तेथील बोली शिकणे भाग होते, आणि शिकविणारा गुरू स्थानिक मनुष्यच असू शकत होता. येथे नवागत पुन्हा अतिथी होतो व रयत पुन्हा यजमान होते. १६०६ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेने स्थानिक भाषा न जाणणाऱ्या पाद्र्याकडे धर्मग्राम सोपवू नये, असा निर्बंध घातला, तो ह्या वस्तुस्थितीची कबुलीच होय. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १६५९ मध्ये लिस्बनला छापलेले फ्रान्सिस्कु व्हाज दि गिमाराइंश ह्यांचे मराठी पुराण उत्तर कोकणच्या ख्रिस्ती समाजात दीर्घकाळ प्रचारात राहिले. परक्यांच्या लेखणीतून उतरलेली ही ओवी ज्या अनाम शिक्षकांच्या मुखातून त्यांनी प्रथम ऐकली असेल, त्यांचे ऋण वाङ्मयेतिहासात अद्याप नोंदलेले नाही. १६८४ मध्ये ह्याच राज्याने गोव्यात देशी भाषेच्या वापरावर बंदी घातली. अर्थात यजमानाची भाषा नाकारण्याचे धोरणही तितकेच खरे.

भाषेच्या संदर्भात वसईच्या एका सुपुत्राचे चरित्र विचारात घेण्यासारखे आहे. गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म वसईस १५५६ च्या सुमारास झाला. पिता पोर्तुगीज, माता येथील. वसईच्या जेझुइटांकडे शिक्षण घेऊन ते तरुण वयातच जपानला गेले. तेथील भाषा शिकले. काही काळ व्यापार करून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता ह्यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे पथक मनिलाहून जपानला गेले. तेव्हा हिदेयोशीसमोर त्या नवागतांचे म्हणणे मांडणारे दुभाषी गोन्सालो होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांस क्रूसावर चढविण्यात आले, त्यांत तेही होते. १८६२ मध्ये त्यांस संतपद देण्यात आले. येथे अतिथी व यजमान ह्यांच्यामधील तिसरी भूमिका, म्हणजे मध्यस्थाची, स्पष्ट होते. दोन्ही भाषा जाणणारा मनुष्य दोन्ही बाजूंचा भार वाहतो. घरातच दोन भाषा ऐकत वाढलेल्या वसईकरास हा भार पेलण्याचे शिक्षण बालपणीच मिळाले असावे, असे मानण्यास जागा आहे.

५

१६ मे १७३९ रोजी वसईचा कोट चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाला. तहाच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांस धर्माचरणाची मोकळीक देण्यात आली. पोर्तुगीज घराणी व मठवासी निघून गेले. कोटातील मठ ओस पडले. राज्य हा यजमान नाहीसा झाला. राजाश्रयाच्या दुथडीवर वाढलेले हे झाड आता कोमेजेल, असे कोणासही वाटले असते. परंतु गोव्याच्या देशी पाद्र्यांनी चर्चचे काम पुढे चालविले आणि त्यांचा योगक्षेम गावांच्या आधारावर राहिला. १७६० मध्ये साष्टीतून प्रवास केलेल्या आंकेतिल द्युपेराँ ह्या फ्रेंच पंडितास मराठ्यांच्या अंमलाखाली ख्रिस्ती लोक उघडपणे आपले धर्माचरण करताना आढळले.

ह्या घटनेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. १५३४ ते १७३९ ह्या काळात पाद्री गावात येई तो सत्तेच्या खुणेसह. १७३९ नंतर येणाऱ्या पाद्र्यामागे तलवार नव्हती, खजिनाही नव्हता. त्यास ठेवून घ्यावयाचे की नाही, हे आता गावाच्या हाती होते, आणि गावाने त्यास ठेवून घेतले. नकाराची मोकळीक परत आल्यामुळे स्वीकारासही अर्थ आला. ठाण्यातील पंधरा घरांपैकी एकाने १३२१ मध्ये जे केले, तेच चार शतकांनंतर वसई-साष्टीच्या अनेक वस्त्यांनी केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. निर्मळसारख्या गावी शंकराचार्यांच्या समाधीचे स्थान व ख्रिस्तमंदिर दोन्ही नांदतात. फिरत्या धर्मपुरुषांचा आदर करण्याची ह्या भूमीची जुनी रीत तेथे डोळ्यांनी पाहावयास मिळते.

पुढील काळात ह्या टापूची भूमिकाही बदलली. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. परक्या पाद्र्यांस मराठी शिकविणाऱ्या ह्या समाजातून मराठीचे मान्यवर लेखक पाद्री निपजावेत, हा त्या दीर्घ सहवासाचा परिपाक होय.

६

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नवागत उपदेशकाचे यश वा अपयश त्याच्या धर्मोत्साहाइतकेच यजमानाच्या स्वरूपावर अवलंबून होते. कुटुंब, राज्य व ग्राम असे तीन प्रकारचे यजमान ह्या टापूत क्रमाने दिसतात व प्रत्येकाची फलश्रुती निराळी आहे. दुसरा असा की, आतिथ्याचे मोल ठरविताना त्याची भव्यता न पाहता नकाराची मोकळीक व स्वीकारातील धोका ही दोन लक्षणे पाहावीत. ह्या कसोटीवर कोटातील संपन्न मठांपेक्षा खाडीपलीकडील एका रात्रीचे छप्पर श्रेष्ठ ठरते. तिसरा निष्कर्ष साधनांविषयी आहे. उपदेशकांची पत्रे व संघांचे वृत्तान्त हे पाहुण्यांनी लिहिलेले कागद होत. ते टाकून देऊन चालणार नाही. परंतु त्यांत ओझरते येणारे नवरा-बायकोचे भांडण, सामान राखणारा सोबती, फारसी जाणण्याची गरज असे तपशील वेचून यजमानाची बाजू उभी करावी लागते. चर्चमधील जन्म-विवाहांच्या नोंदी, गावांचे महसुली कागद आणि सामवेदी व वाडवळी बोलींतील परंपरागत गीते ही ह्या कामाची पुढील साधने होत. वसई-विरारच्या वाढत्या नगरात जुन्या वाड्या झपाट्याने नाहीशा होत असताना हे संकलन लांबणीवर टाकणे परवडणार नाही. संशोधनास नव्याने प्रवृत्त होणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा विषय हाती घेतल्यास, ज्यांनी दार उघडले त्यांसही इतिहासात आपली जागा मिळेल.